घरची फिल्टर कॉफी पाणीदार का होते: पुड्यावरची नावं, मळ्यातली कारणं आणि डिकॉक्शनचं गणित

प्रश्न असा आहे: पुण्यात घरी स्टीलचा फिल्टर आणला, १०० टक्के कॉफी घेतली, तीही ‘प्लांटेशन ए’ आणि ‘पीबी’ अशी महागातली, तरी कप पाणीदार आणि किंचित आंबट लागतो. उडपी हॉटेलातली दाट कॉफी घरी का येत नाही, पुड्यावरच्या या नावांचा अर्थ काय आणि ही कॉफी येते कुठून?

आधी चुकतंय कुठे ते सांगतो. घेतलेली कॉफी वाईट नाही, पण ती या कामाची नाही. धुतलेली अरेबिका (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती), चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळीची पूड) अजिबात नाही आणि बहुधा पाणी जास्त, या तिन्ही गोष्टींनी दुधातली कॉफी पातळ लागते. हॉटेलच्या कपात साधारणपणे रोबस्टा असते, चिकोरी असते आणि थोड्या पाण्यात भरपूर पूड घालून काढलेलं डिकॉक्शन असतं. बी जितकी महाग तितका कप दाट, असा काही नियम नाही. उलट, महाग अरेबिकेचे जे गुण आहेत, फळासारखा आंबूसपणा आणि नाजूक वास, ते १०० मिली म्हशीच्या दुधात बुडून जातात आणि हातात नुसता आंबटपणा उरतो.

पुड्यावर लिहिलेलं असतं ते

भारतीय बाजारात बियांची नावं दोन गोष्टी सांगतात: जात कोणती आणि फळ तोडल्यावर त्याचं काय केलं. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका, म्हणजे फळ सोलून, बीवरचा चिकट थर धुऊन मग वाळवलेली. ‘पार्चमेंट’ हे नाव व्यापारात धुतलेल्या रोबस्टाला लावतात. ‘चेरी’ म्हणजे फळ न सोलता अख्खंच उन्हात वाळवून नंतर फोडलेलं. मग ती अरेबिका चेरी असेल किंवा रोबस्टा चेरी. पुढची अक्षरं आकाराची. ‘प्लांटेशन ए’ म्हणजे बी ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकली, ‘बी’ म्हणजे ६ मिलिमीटरच्या. याचा चवीशी थेट संबंध नाही. मोठी बी एकसारखी भाजली जाते, दिसायला छान दिसते आणि निर्यातीत भाव जास्त मिळतो, एवढंच.

‘पीबी’ म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटून असतात. काही फळांत एकच बी धरते आणि ती गोल होते. ती वेगळी काढतात, कारण गोल बी भाजण्याच्या ड्रममध्ये सपाट बीपेक्षा वेगळी फिरते आणि दोन्ही एकत्र भाजल्या तर रंग सारखा येत नाही. एकाच मळ्यातली पीबी आणि ए यांच्या कपात फरक असतोच असं नाही. पीबीवर जादा पैसे टाकण्यापेक्षा ते ताज्या भाजणीवर खर्च करावेत.

पुड्यावर आणखी एक ओळ बारीक अक्षरात असते आणि ती सगळ्यात कामाची: कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के. भारतात हे छापणं बंधनकारक आहे आणि अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही जवळपास अर्धा पुडा चिकोरीचा असू शकतो, आणि स्वस्त पुड्यांत तो असतोही.

चिकोरीला ‘भेसळ’ म्हणून नाक मुरडणारे बरेच आहेत. ती एका वनस्पतीची मुळी. वाळवून, भाजून, दळून वापरतात. आपल्याकडे गुजरातेत जामनगर भागात आणि उत्तर प्रदेशात एटा भागात तिची शेती होते. तिच्यात कॅफीन नसतं. मात्र तिचा एक गुण फिल्टर कॉफीला फार सोयीचा पडतो. कॉफीच्या पुडीतून पाण्यात चांगल्या रीतीने उतरतो तो साधारण पाचवा हिस्सा. चिकोरीच्या पुडीतला निम्म्याहून जास्त भाग विरघळतो. म्हणून २० टक्के चिकोरीनेही डिकॉक्शन काळं आणि दाट होतं, ठिबकण्याचा वेग मंदावतो आणि कॉफीचा अर्क पाण्यात उतरायला जास्त वेळ मिळतो. अती झाली की मात्र जळक्या गुळासारखी चव येते आणि कॉफीचा वास मागे पडतो. १५ ते २० टक्के योग्य, ३० ही वरची मर्यादा. चाळीसच्या पुढे गेलात तर तुम्ही चिकोरीचा काढा पिताय आणि त्याला कॉफीचा वास लावलाय.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात मागायचं ते असं: निम्मी प्लांटेशन, निम्मी रोबस्टा, भाजणी मध्यमपेक्षा थोडी गडद, त्यात २० टक्के चिकोरी, फिल्टरसाठी दळून. रोबस्टा धुतलेली, म्हणजे पार्चमेंट, मिळाली तर उत्तम. चेरी असेल तर रोबस्टाचं प्रमाण ३०–४० टक्क्यांवर ठेवा, नाहीतर लाकडासारखा, धान्याच्या कोठारासारखा वास पुढे येतो. माटुंग्यासारख्या भागात समोर दळून देणारी दुकानं आहेत, तिथे हे प्रमाण तोंडी सांगता येतं. बंद पुडा घेणार असाल तर ‘बेस्ट बिफोर’ सोडा, भाजल्याची किंवा पॅक केल्याची तारीख बघा.

ही बी येते कुठून

अरेबिका मूळची इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ जंगलांतली. पेय म्हणून ती आधी रुजली येमेनमध्ये. पंधराव्या शतकात तिथले सुफी रात्रीच्या जपासाठी जागं राहायला ती पीत. तिथल्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. भारताची गोष्ट बाबा बुदन या सुफी संताशी जोडलेली आहे. हजहून परतताना त्यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या. काळ १६७० च्या आसपासचा सांगतात. ही आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा नाही. पण त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात आणि त्याच परिसरातल्या अरेबिकेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली अरेबिका यांनाही ते मिळालं.

मोठे मळे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिशांच्या काळात, आणि लगेच अडचणीतही आले. येमेनच्या वाटेने जगभर पसरलेली कॉफी मोजक्याच झाडांची संतती होती, त्यामुळे एक रोग आला की सगळी झाडं सारखीच बळी पडत. १८६९ मध्ये श्रीलंकेत पानांवर नारिंगी ठिपके पाडणारा तांबेरा दिसला. काही वर्षांत तिथली कॉफी संपली आणि मळेवाले चहाकडे वळले. कर्नाटकातली जुनी ‘चिक्स’ आणि मग ‘कूर्ग’ ही वाणंही अशीच गेली. १९११ मध्ये केंट नावाच्या मळेवाल्याने निवडलेल्या झाडांपासून ‘केंट्स’ आलं. १९२५ मध्ये बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र सुरू झालं आणि १९४० च्या दशकात तिथून ‘एस ७९५’ हे वाण मिळालं. त्याच्या वंशात अरेबिका आणि लायबेरिका यांचा नैसर्गिक संकर आहे. आजही चांगल्या भारतीय अरेबिकेत हे वाण भरपूर दिसतं आणि चवीच्या बाबतीत त्यावर बराच भरवसा ठेवता येतो.

तांबेऱ्यानेच रोबस्टालाही दार उघडलं. मध्य-पश्चिम आफ्रिकेतली ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे रुजली. ती ५०० ते १००० मीटर उंचीवर येते, तर अरेबिका १००० ते १५०० मीटरवर. तिच्यात कॅफीन अरेबिकेच्या जवळपास दुप्पट, बीच्या वजनाच्या सुमारे २.२ टक्के; अरेबिकेत १.२ च्या आसपास. हे कॅफीन झाडासाठी किडींपासूनचं संरक्षण आहे, आपल्या कपात ते थोडा कडूपणा होऊन येतं. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टा सुमारे ७० टक्के आहे. कर्नाटकात एकूण पिकाच्या सुमारे ७० टक्के कॉफी होते, त्यात कोडगू आणि चिकमगळूर हे दोन मोठे जिल्हे, मग हासन. त्यानंतर केरळ, त्यातही वायनाड, आणि मग तमिळनाडू. पिकातला मोठा हिस्सा परदेशी जातो आणि इटली हा जुना मोठा गिऱ्हाईक. तिथे एस्प्रेसोवर दाट फेस यावा म्हणून मिश्रणात आपली धुतलेली रोबस्टा घालतात. दुधात कॉफी उठून दिसावी म्हणून माटुंग्याचा दुकानदार तीच घालतो.

महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदरा. मेळघाटातलं हे ठिकाण सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे अरेबिका तग धरते. लागवड अगदी थोडी आहे. बाजारातल्या पुड्यात तिची वाट बघू नका.

मळ्यात बिघडलेलं घरी सुधारत नाही

भारतीय कॉफी सावलीत वाढते, आणि हे नुसतं जाहिरातीतलं वाक्य नाही. अरेबिकेला पांढरा खोडकिडा लागतो, त्याला उन्हात तापलेलं खोड आवडतं. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी खोड पोखरते आणि झाड उपटून जाळावं लागतं. म्हणून वरती दोन थरांची सावली ठेवतात: खाली पांगारा, वर फणस, उंबर, जंगली झाडं. त्यांच्यावर मिरीचे वेल चढवतात, कॉफीचा भाव पडला तर वर्ष त्यांच्यावर निघतं. अलीकडे जंगली झाडांच्या जागी सिल्व्हर ओक फार वाढला आहे. खोड सरळ, मिरी चढवायला सोपी, लाकूड विकायला सोपं. पण त्याची सावली विरळ असते आणि एकच जात सगळीकडे लावली की पानगळीचं खतही पूर्वीसारखं मिळत नाही.

वर्षाचा सगळा जुगार फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या एका पावसावर चालतो. कळ्या कोरड्या दिवसांत थांबलेल्या असतात. २५ ते ४० मिलिमीटरची एक चांगली सर पडली की साधारण आठ-नऊ दिवसांनी अख्खा मळा एकदम पांढरा होतो आणि जाईसारखा वास सुटतो. सर अर्धवट पडली, म्हणजे १० मिलिमीटरवर थांबली, तर कळी जागी होते पण उमलत नाही, पिवळी पडून वाया जाते. फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांत दुसरी सर आली नाही तर धरलेली फळं गळतात. रोबस्टावाले म्हणून वळवाची वाट बघत नाहीत. तळ्यातून तुषार सिंचनाने पाणी देतात. रोबस्टाला परपरागीकरण लागतं, त्यामुळे फुलं उमललेल्या दिवशी पाऊस आला तर तेही नुकसान. अरेबिका स्वतःचं स्वतः भागवते.

अरेबिकेची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची साधारण डिसेंबर ते मार्च. फळं एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून चांगल्या मळ्यात अरेबिकेच्या तीन-चार फेऱ्या होतात आणि दर फेरीत फक्त लाल फळ तोडतात. मजूर मिळाले नाहीत की एकाच फेरीत हिरवं-लाल सगळं ओरबाडलं जातं. हिरव्या फळाची बी भाजल्यावर फिकी राहते आणि कपात कच्च्या शेंगदाण्यासारखी तुरट लागते. भाजलेल्या बिया विकत घेतल्या तर मूठभर ताटात पसरा. अधूनमधून फिकट पिवळसर बिया दिसल्या तर त्या याच.

धुतलेल्या कॉफीत फळ त्याच दिवशी पल्परमधून, म्हणजे साल आणि गर काढणाऱ्या यंत्रातून, काढतात, बीवरचा चिकट थर टाकीत आंबवून सोडवतात, अरेबिकेला साधारण २४ ते ३६ तास. थर सुटला की धुवायचं. बी हातात घासली की खरखरीत लागते, ही खूण. त्यापुढे टाकीत राहिली तर व्हिनेगरसारखी आंबट होते, आणि तो दोष भाजणीने लपत नाही. मग पातळ थरात वाळवून ओलावा १० टक्क्यांवर आणतात. चेरी पद्धतीत अख्खं फळ दोन आठवडे वगैरे अंगणात वाळतं. त्याच वेळी अवकाळी पाऊस आला, ढीग झाकून ठेवावा लागला, की आतून बुरशी धरते. दमट, मातकट वास येणारी कॉफी बहुतेकदा अशी बिघडलेली असते. जानेवारीतल्या पावसाची बातमी म्हणून कॉफीवाल्याला लागते, आपल्याला नाही.

‘मान्सून्ड मलबार’ नावाच्या कॉफीत मात्र दमटपणा ठरवून दिलेला असतो. जहाजातून युरोपला जाताना खाऱ्या दमट हवेत बी फुगायची, फिकी पडायची आणि तिकडे तीच चव आवडायची. वाफेची जहाजं आणि सुएझ कालवा आल्यावर प्रवास लहान झाला, तेव्हा तोच परिणाम मंगळुरूच्या गोदामांत मुद्दाम घडवू लागले. जूनपासून तीन-चार महिने अरेबिका चेरी थरात पसरून, अधूनमधून खालीवर करून पावसाळी वाऱ्याला ठेवतात. बी फुगते, सोनेरी होते, आंबटपणा जवळपास जातो. आंबट कॉफी चालत नसेल तर मिश्रणात प्लांटेशनच्या जागी ही घालून बघा. स्वस्त नाही, पण दुधात चांगली लागते.

सुकलेल्या रोबस्टा चेरीचा भाव ५० किलोच्या पोत्यामागे सांगतात, पण खरा हिशेब ‘ओटी’वर होतो, म्हणजे त्या पोत्यातून फोडून किती किलो स्वच्छ बी निघते त्यावर. २६ ते २८ किलो हे ठीक मानतात. १९४२ च्या कायद्यानंतर जवळपास अर्धशतक सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात जायची आणि मळेवाल्याला पैसे तुकड्यातुकड्याने मिळायचे. उत्तम आणि सामान्य कॉफी एकाच साठ्यात मिसळत असल्याने चांगलं करायला फारसं कारणच नव्हतं. १९९० च्या दशकात हे टप्प्याटप्प्याने मोकळं झालं, आणि आज पुड्यावर मळ्याचं नाव दिसतं ते त्यामुळेच.

आता फिल्टर

प्रमाण पाठ करा: २० ग्रॅम पूड, १२० मिली पाणी, हाती ८० मिली डिकॉक्शन. उरलेलं ४० मिली पूड पिऊन टाकते. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. टेबलस्पूनचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चार चमचे. यात दोघांची कॉफी होते. घरोघरी चुकतं ते इथेच: दोन चमचे पूड आणि फिल्टर काठोकाठ भरून २०० मिली पाणी. ते काळी कॉफी म्हणून प्यायला ठीक असेल, पण दुधात त्याचं काही उरत नाही. मग दाट करायला डिकॉक्शन जास्त ओततात आणि दूध कमी. कप पाणीदारही होतो आणि गारही.

दळण बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक हवं, पिठापेक्षा बरंच जाड. मिक्सरवर दळलं तर अर्धं पीठ आणि अर्धे खडे होतात. पीठ भोकं बुजवतं आणि खडे पाण्याला वाट करून देतात. घरी दळायचंच तर हातचक्की घ्या, नाहीतर दुकानातून दळून आणा आणि एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच आणा. भाजून दोन-तीन दिवस झालेली बी फार वायू सोडते आणि पूड फुगून पाणी एकसारखं जात नाही. आठवडाभर झाला की छान. दळल्यावर दोन आठवडे, फार तर तीन. हवाबंद डब्यात, फ्रीजबाहेर. फ्रीजमधून काढलेल्या थंड पुडीवर दर वेळी दव धरतं आणि शेजारच्या लसणीचा वासही ती घेते.

वरचं भांडं कोरडं पाहिजे. पूड घाला, भांडं हलकेच आपटून सपाट करा, छत्री (फिल्टरसोबत येणारी दांड्याची, भोकांची चकती) ठेवून बोटाने जरासं दाबा. फक्त थर बसण्यापुरतं. थराची जाडी २ सेंटिमीटरच्या खाली असेल तर फिल्टर मोठा आहे. दोघांसाठी सहा कपांचा फिल्टर वापरला की थर पातळ होतो आणि पाणी पाच मिनिटांत खाली. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा, छत्रीवर गोल फिरवत ३० मिली ओता आणि मिनिटभर सोडा. पूड भिजते आणि वायू निघून जातो. मग उरलेलं ९० मिली. झाकण. १५ ते २० मिनिटांत थेंब संपत येतात. शेवटचे थेंब पिळून काढायला दाबू नका, त्यात कडूपणाच असतो. पुन्हा पाणी घालून काढलेलं दुसरं डिकॉक्शन पातळ आणि तुरट येतं. काही घरांत ते पहिल्यात मिसळतात, पण त्याने पहिलंही बिघडतं.

ठिबकत नसेल तर आधी दोन्ही भांड्यांचा सांधा बघा. नवे फिल्टर इतके घट्ट बसतात की खालची हवा बाहेर जात नाही आणि पाणी वरच अडतं. वरचं भांडं क्षणभर उचलून परत ठेवा. धार सुरू झाली तर हेच कारण. नाही झाली तर दळण फार बारीक, चिकोरी फार, किंवा छत्री जोरात दाबली. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर उलट: दळण जाड किंवा थर पातळ. भोकं उजेडाकडे धरून बघावीत. बुजलेली असतील तर भांडं लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने घासा; सुईने टोकरलं तर भोकं मोठी होतात आणि मग कायमचा गाळ खाली येतो. पितळी फिल्टर सुंदर दिसतो, पण कॉफी आम्लधर्मी असते, म्हणून आतून कल्हई हवी.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. बोअरचं जड पाणी कॉफीचा सगळा तरतरीतपणा मारतं. आरओचं फार हलकं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३०–४० वालं, अर्क नीट ओढत नाही आणि कप आंबट-पातळ होतो. १०० ते १५० टीडीएस बरं. तुमच्याकडे आरओ असेल तर त्यात थोडं नळाचं पाणी मिसळलं तरी फरक कळेल.

दूध सायीचं, ताजं, एकदाच उकळलेलं. तासभर आटवलेल्या दुधाला शिजलेला वास येतो आणि कॉफीची बासुंदी होते. एका कपाला ३५ ते ४० मिली डिकॉक्शन, ११० मिली उकळतं दूध, एक ते दीड चमचा साखर. साखर आधी पेल्यात, त्यावर डिकॉक्शन, मग दूध. डिकॉक्शन गॅसवर कधीच तापवू नका, वास उडतो आणि कडू होतं. गार झाल्याची काळजी नको: फ्रीजमधलं ५ अंशाचं ३५ मिली डिकॉक्शन ९५ अंशाच्या ११० मिली दुधात मिसळलं तरी कप ७३ अंशाच्या आसपास येतो, प्यायला भरपूर गरम. पेला गार असेल तर त्यातले सहा-सात अंश तो खातो, म्हणून आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा. पेला आणि डबरा (पेल्याखालची पसरट वाटी) यांत दोन-तीनदा उंचावरून ओतल्याने साखर विरघळते, फेस येतो आणि कप पिण्याजोगा निवतो. दहा वेळा ओतून दाखवणं हॉटेलवाल्याला शोभतं, घरी त्याने कॉफी नुसती थंड होते.

दूध फाटत असेल तर दोष बहुतेकदा डिकॉक्शनच्या वयात असतो. रात्रभर बाहेर राहिलेलं डिकॉक्शन जास्त आम्ल होतं आणि सकाळच्या, आंबायच्या वाटेवर असलेल्या दुधाला तेवढं पुरतं. फ्रीजमध्ये बंद बाटलीत २४ तास ठीक, पुढे नको.

कॅफीनचा हिशेबही करून ठेवा. २० ग्रॅम पुडीत चिकोरी वगळता १६ ग्रॅम कॉफी, निम्मी रोबस्टा धरली तर सरासरी १.७ टक्के, म्हणजे एकूण २७० मिलिग्रॅमच्या आसपास. सगळं उतरत नाही, तरी एका कपात १०० च्या वर जातं. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी संध्याकाळी पाचनंतर मिश्रणातली रोबस्टा कमी करावी किंवा कप अर्धा करावा.

आता आपल्या घरच्या जायफळ-वेलदोड्याच्या कॉफीबद्दल, कारण तीच पूड वापरू का, हा प्रश्न मागोमाग येतोच. वापरू नका. ती कॉफी उकळून गाळायची असते आणि फिल्टरची बारीक पूड उकळली की गाळ गाळणीतून सुटतो, शिवाय तीन मिनिटांत कडू होते. त्यासाठी फिल्टरच्या पुडीपेक्षा थोडी जाड दळलेली, चिकोरी असलीच तर १०–१५ टक्के आणि मध्यम भाजणीची पूड घ्या. पाणी आणि साखर उकळवून गॅस बंद करायचा, कपाला ८ ग्रॅम पूड घालून चार मिनिटं झाकायचं, मग वेगळं तापवलेलं दूध. जायफळ अगदी शेवटी, किसणीवर दोनदा फिरवण्याइतकं. उकळत्या दुधात घातलं तर त्याचा वास निघून जातो आणि तुरटपणा तेवढा मागे राहतो.